पथदिवे एलईडीवर नेताना: खांब मोजण्यापासून पहिल्या वर्षाच्या तपासणीपर्यंत

मी पहिल्यांदा एक अख्खा रस्ता सोडियम दिव्यांवरून एलईडीवर नेला तेव्हा काम चार दिवसांत उरकलं. जुनी फिटिंग उतरवली, त्याच ब्रॅकेटवर नवी चढवली, दिवे लागले. वीज निम्म्याहून कमी लागायला लागली, सगळे खूश. आठवड्याभराने त्या रस्त्यावरच्या एक आजी भेटायला आल्या. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी खांबापासून जेमतेम सहा मीटरवर. "आधीचा पिवळा होता तेव्हा पडदा ओढला की झोप लागायची. आता फटीतून ट्यूब लावल्यासारखा उजेड येतो. एक रात्र इथे झोपून बघा," म्हणाल्या. मी रात्री जाऊन त्यांच्या खिडकीत लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, धरला. काचेवर पडणारा उजेड समोरच्या पदपथावर पडणाऱ्या उजेडापेक्षा जास्त निघाला.

म्हणजे वीज वाचली होती, पण वाचलेल्या विजेतलीही बरीच चुकीच्या जागी जात होती. तेव्हापासून मी दिवा बदलण्याआधी तीन गोष्टी ठरवतो: उजेड कुठे हवा, किती हवा आणि रात्रीच्या कोणत्या वेळी हवा. वॅट आणि कंपनी त्यानंतर. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. नगरपालिका असो, वसाहत असो, शाळेचं किंवा रुग्णालयाचं आवार असो, क्रम हाच राहतो.

पायरी १: आधी मोजदाद, खांबाखाली उभं राहून

कागदावरची यादी आणि रस्त्यावरचे खांब यांचा मेळ क्वचितच बसतो. यादीत २५० वॅट लिहिलेलं असतं आणि कुणीतरी कधीतरी हाताशी होता म्हणून ४०० वॅटचा बल्ब टाकलेला असतो. म्हणून प्रत्येक खांबाला क्रमांक द्या, फोनवर त्याचं अक्षांश-रेखांशासह ठिकाण नोंदवा आणि एवढं तरी लिहून घ्या: खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर, ब्रॅकेटची लांबी आणि तिरकेपणा, रस्त्याची रुंदी, दिवा एका बाजूला आहे की दोन्ही, झाडाची फांदी आड येते का, जवळ खिडकी किंवा पाणवठा आहे का, आणि खांब कोणत्या फीडर पिलरवरून (दिव्यांच्या ओळीला वीज देणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीवरून) चालतो.

खांबाच्या बुडाशी गंज लागलाय का ते हातोडीने ठोकून बघा. भरीव आवाज येणाऱ्या जागेच्या शेजारी अचानक पोकळ, भसभशीत आवाज आला की पत्रा आतून खाल्लेला असतो. त्या खांबावर नवी फिटिंग चढवणं म्हणजे पंधरा वर्षांची वस्तू दोन वर्षांच्या आधारावर टांगणं. दार उघडून आतली वायरही बघा. जुन्या वायरचं आवरण बोटाने वाकवलं की तडकत असेल तर ती बदलायचीच.

एक जुनी फिटिंग जमिनीवर आणून उघडा, हे मी प्रत्येक ठिकाणी करायला सांगतो. वाडग्यासारखं झाकण पिवळं पडलेलं असतं, तळाशी मेलेल्या किड्यांचा थर, आतला परावर्तक काळवंडलेला. त्या दिव्याचं पाकिटावरचं तेज आणि प्रत्यक्ष रस्त्यावर पडणारं तेज यांत किती तफावत आहे ते तिथल्या तिथे कळतं.

आता आजची वीज. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चोक, म्हणजे बल्बचा प्रवाह आवरणारं वेटोळं, विसरणं. २५० वॅटच्या सोडियम दिव्याचा चोक साधारण २५ ते ३० वॅट खातो, म्हणजे खांबावरचा खरा भार २८० वॅटच्या आसपास. रात्री सरासरी ११ तासांपेक्षा थोडं अधिक धरलं की वर्षाचे सुमारे ४,१०० तास होतात. २७८ वॅट गुणिले ४,१०० तास म्हणजे एका खांबाला वर्षाला साधारण १,१४० युनिट. त्याच जागी १०० वॅटचा एलईडी ४१० युनिटमध्ये भागवतो. तो रात्री ११ ते पहाटे ५ अर्ध्यावर चालवला तर ३०० युनिटच्या आसपास. हे गणित तुमच्या मीटरच्या आकड्याशी ताडून बघा. मीटर जास्त दाखवत असेल तर दिवसाही जळणारे दिवे, चोरून घेतलेली जोडणी किंवा कुठेतरी होणारी गळती शोधावी लागेल, आणि ते एलईडीने सुटणार नाही.

पायरी २: किती उजेड पुरेसा आहे ते ठरवा

सगळ्यात शांतपणे करायची पायरी हीच. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या ११५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत रस्त्यांचे वर्ग दिले आहेत. वाहनांच्या रस्त्यांसाठी एम १ ते एम ६, पादचारी आणि निवासी रस्त्यांसाठी पी १ ते पी ६. लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. पी १ ला सरासरी १५ लक्स, पी ४ ला ५ लक्स, पी ६ ला फक्त २ लक्स. वाहनांच्या रस्त्यांवर डांबराची दिसणारी उजळी मोजतात: एम १ ला दर चौरस मीटरला २ कँडेला, एम ६ ला ०.३. तुमच्या देशाचं स्वतःचं मानक असेल तर अर्थातच ते पाळायचं, पण बहुतेक मानकांची मांडणी याच धर्तीची असते.

५ लक्स ऐकून लोकांना वाटतं, एवढ्यात काय दिसणार. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, आणि त्यातही पायवाट दिसते. डोळा सरावला की ५ लक्समध्ये समोरच्याचा चेहरा, रस्त्यातला खड्डा, पायरीची कड नीट दिसते. दिसत नाही ते लखलखीत डाग आणि त्यांच्या मधला काळोख अशी आलटापालट असेल तेव्हा. डोळा उजेडाला जुळवून घेतो आणि काळोखात गेलं की आंधळा होतो. म्हणून सरासरीइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे समानता: सगळ्यात कमी उजेडाच्या जागेचा सरासरीशी भागाकार. निवासी रस्त्यावर माझा आग्रह असा की सरासरी थोडी कमी चालेल, पण दोन खांबांच्या मधोमध काळोखाचा खड्डा पडता कामा नये.

"उजेड जास्त तेवढी सुरक्षितता जास्त" हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. त्यांची काळजी खरी असते, तिला नीट उत्तर द्यायला हवं. डोळ्यात घुसणारा दिवा मागची सावली आणखी गडद करतो आणि त्या सावलीत उभा असलेला माणूस दिसत नाही. हे सांगून पटत नाही. दिव्याकडे बघत हात कपाळावर आडवा धरायला सांगा. दिवा हाताआड गेला की पलीकडचं कुंपण, पायऱ्या, माणसं अचानक दिसू लागतात. एकदा स्वतः करून बघितलं की वाद संपतो.

काही खांब मुळात नकोच असतात. ज्या वाटेवर आता कुणी जात नाही, जिथे दोन रस्त्यांचे दिवे एकमेकांवर पडतात, जिथे जुनं फाटक बंद झालं, तिथला दिवा काढून टाकणं ही सगळ्यात स्वस्त बचत आहे. मोजदाद करतानाच अशा खांबांवर खूण करा.

पायरी ३: उजेडाचा रंग

पांढरा एलईडी खरं तर निळा असतो. आतली चिप साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फरचा लेप त्यातला काही भाग पिवळ्या-तांबड्यात बदलतो. दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. निळी चिप बनवणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याचसाठी. काही वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत पथदिवे अचानक जांभळे दिसायला लागले, कारण हा लेप चिपवरून सुटला होता आणि आतली निळाई उघडी पडली होती.

लेप जितका पातळ तितकी निळाई जास्त आणि केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या मापाचा, आकडा मोठा. ५,००० किंवा ६,५०० केल्विनचा दिवा निळसर पांढरा, ३,००० चा ऊबदार, २,२०० चा जवळपास जुन्या सोडियमसारखा. सुरुवातीच्या काळात सगळे ४,००० आणि त्यावरचे दिवे घेत, कारण त्यांत दर वॅटला ल्युमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, जास्त मिळत. आता चांगल्या फिटिंगमध्ये ४,००० आणि ३,००० यांत काही टक्क्यांचाच फरक उरला आहे, त्यामुळे तो युक्तिवाद संपला.

निळ्याचा त्रास तीन ठिकाणी होतो. आकाशात, कारण कमी तरंगलांबीचा प्रकाश हवेत कितीतरी जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने रात्री शहरावर धुरकट उजेडाची टोपी बसते. माणसात, कारण झोपेचं मेलाटोनिन आवरणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात संवेदनशील असतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये बाहेरचे दिवे ३,००० केल्विन किंवा त्याखालचे असावेत, झाकलेले असावेत आणि शक्य तिथे मंद करता यावेत, अशी शिफारस केली ती याच मुद्द्यावर. आणि तिसरा त्रास प्राण्यांना. किडे-पतंग निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक खेचले जातात. समुद्रकिनाऱ्यावर अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात. पूर्वी ते क्षितिज समुद्राचं असे, आता रस्त्याचं असतं. म्हणून कासवांच्या किनाऱ्यांवर ५६० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचे, म्हणजे अंबर ते लाल दिवे वापरतात. नेदरलँड्समध्ये वटवाघळांच्या वाटेवर लालसर पथदिवे लावलेली एक वसाहत आहे.

माझा ठोकताळा असा: निवासी रस्ते २,७०० किंवा त्याखाली, मोठे रस्ते ३,००० पर्यंत, बागा, नदीकाठ, झाडी, किनारा इथे २,२०० किंवा अंबर. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील डेव्हिस या शहराने रहिवाशांच्या तक्रारींनंतर ४,००० केल्विनचे नुकतेच बसवलेले दिवे काढून २,७०० चे लावले. एकाच कामाचा खर्च दोनदा करावा लागला.

केल्विनचा आकडा निळाईचं ढोबळ माप आहे. पुरवठादाराकडे वर्णपटाचा आलेख मागा आणि ५०० नॅनोमीटरच्या डावीकडचा डोंगर किती उंच आहे ते डोळ्याने बघा.

पायरी ४: फिटिंग निवडताना कागद वाचा

सोडियमचा दिवा सगळीकडे उजेड फेकतो आणि परावर्तक त्याला कसाबसा खाली वळवतो. एलईडीच्या प्रत्येक चिपवर छोटं भिंग असतं आणि ते उजेडाला हव्या त्या आकारात जमिनीवर पसरवतं. म्हणूनच २७-२८ हजार ल्युमेनच्या सोडियम दिव्याच्या जागी १३-१४ हजार ल्युमेनचा एलईडी पुरतो. पण भिंग रस्त्याच्या रुंदीला साजेसं हवं. अरुंद गल्लीत रुंद रस्त्याचं भिंग लावलं की उरलेला उजेड आजूबाजूच्या घरांत जातो. माझ्या त्या पहिल्या रस्त्यावर नेमकं हेच झालं होतं. म्हणून पुरवठादाराकडून प्रकाशवितरणाची संगणकीय फाइल घ्या आणि तुमच्या मोजदादीतल्या उंची-अंतरावर आराखडा करून मागा. डायलक्ससारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत, स्वतःही पडताळता येतं.

आडव्या रेषेच्या वर जाणारा उजेड शून्य असला पाहिजे, ही अट लिहून ठेवा. आणि फिटिंग तिरकी चढवू नका. पाच-दहा अंश वर उचलली की शून्य राहत नाही, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यातही तोच उजेड जातो. जुना ब्रॅकेट तिरका असेल तर कोन बदलता येणारा जोड मागवा. खांबामागच्या घरात उजेड जात असेल तर मागच्या बाजूची ढाल मिळते, छोटासा काळा पत्रा असतो. आजींच्या खिडकीसमोर मी शेवटी तोच बसवला.

धूळ-पाण्यासाठी आयपी ६६, आघातासाठी आयके ०८ हे संरक्षणाचे दर्जे किमान माना. उपद्रवाची जागा असेल तर आयके १०. विजेच्या झटक्यांपासून बचावासाठी दहा किलोव्होल्टचं वेगळं, बदलता येणारं सर्ज संरक्षण हवं. एलईडी स्वतः सहसा मरत नाही, मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवा तसा प्रवाह पुरवणारा भाग, म्हणून ड्रायव्हर खांबावरच, अवजारांच्या झटापटीशिवाय बदलता आला पाहिजे. फिटिंग पूर्ण बंद, चिकटवलेली असेल तर एका भागापायी अख्खी वस्तू भंगारात जाते. पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या दिव्याचं असं होऊ देऊ नका.

"एक लाख तास आयुष्य" हे छापील वाक्य कशावर उभं आहे ते विचारा. चिपची चाचणी एलएम-८० पद्धतीने होते, किमान ६,००० तास. त्यावरून पुढचा अंदाज टीएम-२१ पद्धतीने काढतात आणि पुरेसे नमुने असतील तरी चाचणीच्या सहापटीपलीकडे जायची तिथे मुभा नाही. म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवरून ३६,००० तासांपर्यंतच बोलता येतं. एक लाख तासांचा दावा करणाऱ्याकडे जवळपास १७,००० तासांची चाचणी हवी. शिवाय आयुष्य म्हणजे दिवा विझेपर्यंतचा काळ नव्हे. एल ७० म्हणजे उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. अख्ख्या फिटिंगचं तेज, वॅट आणि रंग यांचा एलएम-७९ अहवाल वेगळा असतो, तोही घ्या. चिपचा अहवाल फिटिंगचा म्हणून पुढे सरकवणारे भेटतात.

पायरी ५: रात्रीचं वेळापत्रक

पहाटे तीनला रिकामा रस्ता संध्याकाळी सातच्या गर्दीइतका उजळायचं कारण नाही. सोडियमला मंद करणं अवघड होतं, एलईडीला सोपं आहे, आणि बदलातला हा सगळ्यात कमी वापरला जाणारा फायदा आहे.

साधा मार्ग म्हणजे ड्रायव्हरमध्येच भरलेलं वेळापत्रक. असा ड्रायव्हर दिवा कधी लागतो-विझतो यावरून रात्रीचा मध्य स्वतः शोधतो आणि त्याच्या आगेमागे ठरलेले तास मंद होतो. वेगळी तार नको, नेटवर्क नको. लहान संस्थेला मी हाच सुचवतो. चालू-बंद करायला उजेड ओळखणाऱ्या फोटोसेलऐवजी अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्त काढणारा टायमर फीडर पिलरमध्ये बसवला तर ढगाळ दुपारी दिवे लागत नाहीत आणि पक्ष्याच्या विष्ठेने झाकलेल्या एका फोटोसेलपायी दिवसभर जळतही नाहीत.

हजारो खांब असतील तर प्रत्येकावर संदेश पाठवणारा नियंत्रक परवडतो. बिघाड तक्रारीआधी कळतो, वीज खांबागणिक मोजता येते. मात्र एका कंपनीच्या बंद प्रणालीत अडकू नका. फिटिंगवर सात पिनांचा किंवा झागा १८ नमुन्याचा खुला सॉकेट असला की उद्या नियंत्रक बदलता येतो. आज नियंत्रक घेणार नसलात तरी सॉकेट आजच घ्या.

हालचाल टिपणारे सेन्सर पादचारी वाटांवर, वाहनतळावर छान चालतात. माणूस आला की उजेड हळूहळू वाढला पाहिजे. भपकन वाढला तर माणूस दचकतो आणि शेजारचा जागा होतो.

पायरी ६: विजेची बाजू

भार निम्मा झाला म्हणजे जुनी केबल, जुने एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारे स्विच) आपोआप चालतील असं वाटतं. केबल चालते. एमसीबी मात्र पहिल्याच संध्याकाळी पडू शकतो. एलईडीचा ड्रायव्हर चालू होताना सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, आणि चाळीस ड्रायव्हर एकाच क्षणी चालू झाले की सगळे प्रवाह एकत्र येतात. एका एमसीबीवर किती फिटिंग चालतील याचा तक्ता ड्रायव्हर बनवणारा देतो. तो मागा आणि क्षणिक झटका सोसणारे सी किंवा डी प्रकारचे एमसीबी वापरा.

दुसरा सापळा म्हणजे कपॅसिटर. सोडियमच्या चोकमुळे घसरलेला पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी किती खरी कामी येते त्याचं प्रमाण) सावरायला फीडर पिलरमध्ये कपॅसिटर लावलेले असतात. एलईडी आल्यावर ते तसेच राहिले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो. ते काढून टाका. मंद केलेल्या अवस्थेतला पॉवर फॅक्टर आणि हार्मोनिक्सही (प्रवाहात मिसळणाऱ्या जादा वारंवारतेच्या लहरी) विचारा. तीन फेजांतले तिसऱ्या क्रमाचे हार्मोनिक्स न्यूट्रलमध्ये रद्द न होता साठतात, म्हणून न्यूट्रलची तार बारीक असेल तर मोजून बघा.

अर्थिंगबद्दल तडजोड नाही. धातूच्या खांबाला लहान मूल हात लावतं. प्रत्येक खांबाची अर्थिंग मोजा, आकडा लिहा. सर्ज संरक्षणही चांगल्या अर्थिंगशिवाय कामाचं नाही.

पायरी ७: आधी एक रस्ता, मग गाव

खरेदीआधी सात-आठ खांबांचा एक नमुना रस्ता करा. शक्य असेल तर दोन-तीन पुरवठादारांचे दिवे शेजारशेजारच्या तुकड्यांवर लावा, रंग दोन ठेवा आणि महिनाभर राहू द्या.

मोजायची पद्धत अशी. चंद्र नसलेली, कोरडी रात्र निवडा. दोन खांबांमधल्या अंतराचे दहा भाग करा, रस्त्याच्या रुंदीत प्रत्येक मार्गिकेला तीन ओळी, आणि प्रत्येक छेदावर खडूची फुली. लक्समीटर जमिनीवर आडवा ठेवा आणि स्वतःची सावली पडणार नाही असं बाजूला वाकून वाचा. मी लांब काठीला मीटर बांधतो, दुसरा माणूस वही धरतो. वाहनं थांबवायला दोघे वेगळे. त्या वेळचं व्होल्टेज लिहा. आराखड्यातला आकडा काही वर्षांनी मंदावलेल्या दिव्याचा असतो, त्यामुळे नवा दिवा त्याहून थोडा जास्तच दाखवायला हवा. आत्ताच बरोबरीला असेल तर पुढे कमी पडणार.

त्यानंतर माणसांना विचारा. रात्रपाळीहून परतणारी परिचारिका, पहाटे फिरायला जाणारे आजोबा, खिडकीलगत झोपणारं कुटुंब, वाहन चालवणारे. "चांगला आहे का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. "कुठे डोळे दिपले, कुठे चेहरा दिसला नाही, घरात उजेड येतो का" असं विचारा. वयस्कर डोळ्यांना चकाकीचा त्रास तरुणांपेक्षा जास्त होतो, त्यांचं मत मी वजन देऊन धरतो.

निविदेत नमुना रस्त्यावरचे आकडे अट म्हणून घाला. "१०० वॅटचा एलईडी" अशी अट लिहिली की तुम्हाला वॅट मिळतात. "या उंची-अंतरावर सरासरी ५ लक्स, एवढी समानता, वर शून्य, २,७०० केल्विन, दर खांबाला वर्षाला जास्तीत जास्त एवढे युनिट" असं लिहिलं की रस्ता उजळतो. हमीत ड्रायव्हर, रंगाचा बदल आणि कोटिंगही धरलेलं असावं, आणि बिघाड किती दिवसांत दुरुस्त होणार हेही.

पायरी ८: बसवणं

वायरमनसाठी हे रोजचं काम, पण चार गोष्टी डोळ्यांसमोर झाल्या पाहिजेत. पुरवठा बंद करून कुलूप लावलेलं असणं. फिटिंग पाणसळीने सपाट बसवणं. केबल आत जाते तिथली ग्लँड आवळणं, कारण आयपी ६६ ची फिटिंग सैल ग्लँडमधून पाणी पिते. आणि नव्या फिटिंगवर खांबाचा क्रमांक, वॅट, केल्विन असलेली चिठ्ठी जमिनीवरून वाचता येईल अशी लावणं. वाटेत चिमणी-मैनेचं घरटं आढळलं तर तो खांब पिल्लं उडेपर्यंत शेवटी ठेवा.

पायरी ९: उतरवलेले दिवे

पाऱ्याच्या वाफेच्या आणि सोडियमच्या दिव्यांत पारा असतो. २०१३ मध्ये ठरलेल्या आणि २०१७ मध्ये लागू झालेल्या मिनामाता कराराने सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायला २०२० ची मुदत घातली. हे दिवे गोणीत भरून फेकू नका. नव्या दिव्यांच्या रिकाम्या खोक्यांत एकेक उभा ठेवा, कोरड्या बंद खोलीत साठवा आणि पारा काढून घेणाऱ्या अधिकृत प्रक्रियादारालाच द्या, पावतीसह. फुटलाच तर खोली उघडी करून माणसं बाहेर काढा. झाडूने झाडू नका, ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात टाका.

चोकमधलं तांबं आणि फिटिंगमधलं ॲल्युमिनियम चांगल्या भावाने जातं. १९८० च्या आधीचे कपॅसिटर निघाले तर त्यांत पीसीबी हे घातक तेल असू शकतं, ते वेगळे ठेवा. चालू स्थितीतले जुने दिवे "गरिबांच्या वस्तीला" वाटायची सूचना सद्भावनेनेच येते. मी तिला ठामपणे नाही म्हणतो. त्याने विजेचं बिल आणि पारा दोन्ही त्यांच्या दारात जातात.

पायरी १०: पहिलं वर्ष

लॉस एंजेलिसने २००९ ते २०१३ मध्ये सुमारे १ लाख ४० हजार पथदिवे एलईडीवर नेले आणि त्यांची वीज साठ टक्क्यांहून जास्त घटवली. ॲरिझोनातल्या टूसॉनने पुढचं पाऊल टाकलं. तिथे २०१७ पर्यंत सुमारे १८ हजार दिवे ३,००० केल्विनच्या एलईडीवर नेताना एकूण ल्युमेनच कमी केले, रात्री उशिरा आणखी मंद केले, आणि शहरावरची आकाशाची उजळी थोडी का होईना कमी झाली. याच शहराची उपग्रहातून मोजणी केली तेव्हा असंही दिसलं की वर जाणाऱ्या उजेडात पथदिव्यांचा वाटा पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. बाकीचा इमारतींचा, फलकांचा, मैदानांचा, वाहनतळांचा. तुमच्या आवारातले फलक आणि भिंतीवरचे फोकस त्यामुळे याच यादीत घ्या.

टूसॉनसारखी शहरं थोडी आहेत. उपग्रहांच्या नोंदींनुसार २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा कृत्रिम उजेडाचा प्रदेश वर्षाला सुमारे २.२ टक्क्यांनी वाढला, आणि नागरिकांनी मोजलेल्या ताऱ्यांवरून २०११ ते २०२२ मध्ये आकाशाची उजळी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. दिवा स्वस्तात चालायला लागला की माणूस आणखी दिवे लावतो. म्हणून वाचलेल्या युनिटांचा हिशेब ठेवताना खांबांची संख्या आणि एकूण ल्युमेनही त्याच पानावर लिहा. युनिट कमी होताहेत आणि ल्युमेन वाढताहेत असं दिसलं तर नव्या खांबाची मागणी आधी पायरी २ मधून जाऊ द्या.

पहिल्या महिन्यात रात्री एकदा सगळ्या रस्त्यांवरून पायी फिरा, तिरक्या बसलेल्या फिटिंग आणि घरात जाणारा उजेड नोंदवा. सहा महिन्यांनी ग्लँड, गंज, फांद्या. वर्ष झालं की त्याच खडूच्या फुल्यांवर तोच मीटर पुन्हा ठेवा आणि आकडे पहिल्या वहीशी ताडून बघा. एखाद्या तुकड्यावर १० टक्क्यांहून जास्त घट दिसली तर आधी फिटिंगची काच पुसून परत मोजा. तरीही आकडा वर आला नाही तर हमीची मुदत संपण्याआधी पुरवठादाराला लेखी कळवा.

त्या आजींच्या खिडकीतही मी वर्षभराने मीटर धरला. मागची ढाल, २,७०० केल्विन आणि अकरानंतर निम्मा उजेड एवढ्या तीन बदलांनंतर काचेवर अर्ध्या लक्सहून कमी आलं. खाली पदपथावर ५ लक्स तसेच होते.